मांजर खुर्चीखाली, फिनिशमध्ये तीन तऱ्हांनी

फिनिश भाषेत मांजराला ‘किस्सा’ म्हणतात आणि खुर्चीला ‘तुओली’. जागा सांगायला शिकायचं तर सुरुवातीला हे दोन शब्द पुरतात.

मराठीत मांजर खुर्चीखाली बसतं, खुर्चीखाली शिरतं आणि खुर्चीखालून निघतं. बसणं आणि शिरणं, दोन्हींना आपलं ‘खाली’ चालतं. फिनिशमध्ये नाही चालत. बसलेलं असेल तर ‘तुओलिन आल्ला’, शिरत असेल तर ‘तुओलिन आल्ले’, निघत असेल तर ‘तुओलिन आल्ता’. ‘तुओलिन’मधला शेवटचा न म्हणजे आपला ‘च्या’, आणि क्रमही खुर्चीच्या खाली असाच. त्यामुळे मराठी माणूस अडखळतो तो फक्त ‘आल्ले’पाशी.

मागे: ताकाना, ताआक्से, ताकाआ. पुढे: एदेस्सॅ, एतेएन, एदेस्तॅ. तिन्ही रूपं एका दमात पाठ करावीत. नुसतं ‘ताकाना’ शिकलात तर मांजर मागून हलायचंच नाही.

‘आत’साठी मात्र प्रत्यय लागतो. तालो म्हणजे घर. तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून, आणि घरात शिरताना तालोओन. इथे ओ लांबवायचाच. आखूड उरकलात तर ‘तालोन’ होतं, म्हणजे ‘घराचा’. साध्या शब्दात आ, ओ, उ यांपैकी एखादा स्वर असेल तर प्रत्यय ‘स्सा’, नसेल तर ‘स्सॅ’: मेत्सॅ म्हणजे जंगल, जंगलात मेत्सॅस्सॅ. शिवाय मूळ शब्दही मऊ पडतो, जसं आपल्याकडे सामान्यरूप होतं. हेल्सिन्कीत असाल तर ‘हेल्सिंगिस्सॅ’. तिकडे जाताना मात्र ‘हेल्सिन्कीइन’, क परत येतो.

पृष्ठभागावर असेल तर ‘ल्ला’: कात्तो म्हणजे छप्पर, छपरावर कातोल्ला. गंमत अशी की ताम्पेरे शहरालाही हाच प्रत्यय लागतो, ताम्पेरेएल्ला. जणू शहरात नव्हे, शहरावर राहतात! कुठलं गाव ‘आत’ आणि कुठलं ‘वर’, हे सरळ पाठच करावं लागतं.

खरी फसगत क्रियापदांत होते. दुकानातून आणणं दोन्ही भाषांत ‘तून’च, काउपास्ता. पण किल्ली आपल्याला खिशात सापडते, फिनिश माणसाला खिशातून, तास्कुस्ता. आणि ती घरी विसरली, तर तो ‘कोतीइन’ म्हणतो. घराकडे निघालेला माणूसही हेच रूप वापरतो.