लाख गेली, जॅझ आला

गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर आणि कुसुमच्या झाडावर लाख धरते. बांगड्या आणि लाकडाचं पॉलिश यांत ती जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच असत, हे मात्र आता फारसं कुणाच्या लक्षात नाही. चपडा (म्हणजे शुद्ध केलेली लाख), दगडाची भुकटी आणि काजळी एकत्र करून, गरम करून दाबली की तबकडी व्हायची. जगाला लागणारी बरीचशी लाख छोटा नागपूर आणि मध्य प्रांताच्या जंगलांतून जायची. दुसऱ्या महायुद्धात ही वाट अडखळली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकेने रेकॉर्ड कंपन्यांचा चपडा ७० टक्क्यांनी कापला. न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांचं अडलं ते असं आपल्या पळसापाशी!

जॅझची पहिली तबकडी १९१७ ची. ती वाजवली गोऱ्यांच्या बँडने. ज्यांचं हे संगीत, त्या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय वादकांना स्टुडिओचं दार उघडायला आणखी पाच-सहा वर्षं गेली. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. वादकाला तेवढ्यात आटपावं लागे, आणि ऐकणाऱ्याला तीच बाजू पुन्हा लावण्यावाचून गत्यंतर नसे. कान तयार झाले ते या नाइलाजातून, असं मला वाटतं. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने विनाइल या प्लास्टिकची लाँग प्ले तबकडी आणली, एक बाजू वीस मिनिटांवर गेली आणि तबकडीतली लाख हळूहळू संपली.

विदर्भाच्या खेड्यात जॅझ तबकडीवरून आलाच नाही, म्हटलं तरी चालेल. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ पासून लिऑन ॲबीसारखे अमेरिकन वादक वाजवत होते, पण तो साहेबांचा आणि संस्थानिकांचा मामला. आपल्याकडे तो शिरला सिनेमातून. सी. रामचंद्र नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेले, म्हणजे वसंतराव देशपांड्यांचे गुरुबंधू. पुढे मुंबईत त्यांनी चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवाल्याला हाताशी धरलं. १९५१ च्या 'अलबेला'त चिकचा बँड पडद्यावरही दिसला. जत्रेतल्या टुरिंग टॉकीजमध्ये तंबूत बसून ते ऐकणाऱ्याला, बाबा रे, यात जॅझ आहे, असं कोण सांगणार? दुसरी वाट शॉर्टवेव्ह रेडिओची. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकेवर विलिस कोनोव्हर जॅझ लावायचा. त्याचं इंग्रजी मुद्दाम संथ आणि सुटं, परक्या मुलखातल्यांना कळावं म्हणून.

आता मोबाइलवर सगळंच मिळतं. "हे ऐकून पाय" म्हणत मित्र आवडीच्या रेकॉर्डी पाठवतात. रात्रीतून आठ येतात आणि एकही धड ऐकली जात नाही. माझं मत विचाराल तर चार जणांनी बसावं आणि एका बैठकीला एकच चीज ऐकावी.

उदाहरणार्थ, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधली पहिलीच, 'सो व्हॉट'. संथ सुरुवात सरली की पॉल चेंबर्सचा डबल बेस एक ओळ टाकतो आणि बाकीचे दोन सुरांत उत्तर देतात, भजनात झीलकरी देतात तसं. साध्या मोबाइलच्या स्पीकरवर ही बेसची ओळ ऐकूच येत नाही. उरतं नुसतं उत्तर. त्यासाठी हेडफोन तरी हवा, नाहीतर मंडळाचा साउंड बॉक्स. स्वर काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. १६ बार (एक बार म्हणजे चार मात्रा) सगळं एका जागी राहतं, पुढचे ८ बार अख्खा डोलारा अर्ध्या सुराने वर चढतो, शेवटचे ८ पुन्हा खाली. तंबोऱ्याची सवय असलेला इथे हमखास अडखळतो, कारण सरकतो तो षड्जच. बोटांवर चार-चार मात्रा मोजत ती जागा पकडायची. मग ट्रम्पेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन आणि ॲडर्ली, पियानोवर एव्हान्स असे ओळीने सोलो घेतात, म्हणजे एकेकटे वाजवतात, तेव्हाही खाली हाच ३२ बारांचा फेरा फिरत असतो. पहिल्या दोन खेपांना तो हातून सुटतो. सुटू द्यावा.

पुढच्या बैठकीला जॉन कोल्ट्रेनचीच १९६१ ची 'इंडिया' लावावी. रविशंकरांच्या सतारीने हा माणूस इतका भारला होता की १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव त्याने रवी ठेवलं. या चिजेत षड्ज हलत नाही, त्यामुळे लक्ष सगळं सॅक्सोफोनकडे देता येतं.