ईएमडीआर : नेत्रचलन उपचारपद्धती

मनावरच्या आघाताच्या आठवणींतली धग कमी करणारी मानसोपचारपद्धती. पूर्ण नाव ‘आय मूव्हमेंट डीसेन्सिटायझेशन अँड रिप्रोसेसिंग’. डोळे झरझर इकडून तिकडे फिरत असताना मनात घोळणारे त्रासदायक विचार बोथट होतात, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांना १९८७ मध्ये बागेत फिरताना जाणवले. त्यांचा पहिला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर तणाव विकारावर (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला छळत राहणारा विकार) मुलांसाठी आणि प्रौढांसाठी ही पद्धत शिफारशीत घेतली. घडलेले सगळे तपशीलवार सांगावे लागत नाही आणि घरी करायचा ‘गृहपाठ’ नसतो. जे सांगताना जीभच उचलत नाही, अशा अत्याचाराच्या प्रसंगांत हा मोठा आधार ठरतो.

उपचाराचे आठ टप्पे आहेत. डोळ्यांची हालचाल प्रामुख्याने चौथ्यापासून सुरू होते आणि नवखे लोक नेमकी इथेच घाई करतात. त्याआधी पूर्वइतिहास घेतात, मन सावरण्याची साधने शिकवतात (मनातली सुरक्षित जागा, श्वास, ‘थांबा’ म्हणायची हाताची खूण) आणि मग एकच प्रसंग निवडतात. समजा, रात्रीचा दुचाकीचा अपघात. त्यातले सगळ्यात झोंबणारे चित्र कोणते? अंगावर येणारा ट्रकचा दिवा. त्या चित्रासोबत स्वतःविषयी काय वाटते? ‘मला अपघात झाला’ हे उत्तर चालत नाही. ती घटना झाली. ‘मी असहाय आहे’ ही धारणा झाली. तिच्या जागी काय मानायला आवडेल? ‘आता मी सुरक्षित आहे.’ हे आज किती खरे वाटते, ते १ ते ७ मध्ये मोजतात. त्रास किती, ते ० ते १० मध्ये. तो शरीरात कुठे जाणवतो, छातीवर दडपण की पोटात गोळा, हेही विचारतात.

मग व्यक्ती ते चित्र, ती धारणा आणि शरीरातली जाणीव एकत्र मनात धरते. उपचारक चेहऱ्यापासून साधारण फूटभर अंतरावर दोन बोटे आडवी फिरवतो. मान स्थिर, फक्त डोळे बोटांमागे जातात. सुमारे २४ फेऱ्यांचा एक संच, म्हणजे अर्धा मिनिट. ‘सोडून द्या, श्वास घ्या. आता काय येतंय?’ उत्तर दोन वाक्यांत: ‘ब्रेकचा आवाज,’ ‘हात कापतोय.’ उपचारक अर्थ लावत बसत नाही. ‘त्याच्याबरोबर राहा,’ एवढेच म्हणून पुढचा संच सुरू करतो. त्रास ० किंवा १ वर आला की चांगली धारणा पक्की करतात आणि डोक्यापासून पायापर्यंत कुठे ताण उरला आहे का, ते पाहतात. बैठक ६० ते ९० मिनिटांची असते. एकाच घटनेचा आघात काही बैठकींत निवळू शकतो. लहानपणापासूनच्या छळाला बराच जास्त काळ लागतो.

हे का घडते, यावर एकमत नाही. सर्वांत पटणारा खुलासा कार्यकारी स्मृतीचा आहे. मनाची ही पाटी लहान असते. बोटांचा माग आणि आठवण दोन्ही तिच्यावर एकदम मावत नाहीत, म्हणून चित्र फिके पडते आणि फिकेच परत साठवले जाते. आठवण पुसली जात नाही. अपघात आठवतो, पण छातीत धस्स होत नाही. डोळ्यांऐवजी गुडघ्यांवर आळीपाळीने थाप किंवा दोन्ही कानांत आलटूनपालटून आवाजही वापरतात. छातीवर हात आडवे ठेवून आळीपाळीने थोपटण्याची ‘फुलपाखरू मिठी’ मेक्सिकोत चक्रीवादळग्रस्त मुलांसोबत काम करताना पुढे आली. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर भारतीय समुपदेशकांना या पद्धतीचे प्रशिक्षण दिले गेले.

बिघडते तेही बहुधा ठराविक ठिकाणी. तयारी अपुरी असेल तर व्यक्ती आठवणीत वाहून जाते: नजर शून्यात, उत्तर बंद. अशा वेळी संच थांबवून डोळे उघडे ठेवायला, पाय जमिनीवर दाबायला आणि खोलीतल्या पाच वस्तू मोठ्याने सांगायला लावतात. संचामागून संच जाऊनही त्रासाचा आकडा ६ वरच अडला, तर बहुधा खाली आणखी जुनी आठवण असते किंवा ‘माझीच चूक’ अशी अडवणारी धारणा. मग ‘तेव्हा तुमचं वय काय होतं?’ असा एखादा प्रश्न वाट मोकळी करतो. काम अर्धवट राहिले तरी सुरक्षित जागेवर परत आणल्याशिवाय कुणालाही घरी पाठवू नये. पुढचे काही दिवस विचित्र स्वप्ने आणि नवे तुकडे वर येणे अपेक्षित असते. ते वहीत टिपून ठेवावेत. डोळे दुखत असतील, डोळ्यांचा आजार किंवा अपस्मार (फिट येणे) असेल, तर आधी सांगावे. न्यायालयात साक्ष द्यायची असेल, तर उपचाराआधी वकिलाशी बोलावे, कारण आठवणीचा ठळकपणा बदलू शकतो.

मोबाइलवर हलता ठिपका पाहून एकट्याने हे करू नये. जुनी जखम उघडली तर सावरायला समोर कुणी नसते. उपचारक निवडताना त्याने ईएमडीआरचे रीतसर प्रशिक्षण कुठे घेतले, हे बिनदिक्कत विचारावे. कुठे जायचे हे सुचत नसेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येते. पहिल्याच भेटीत, काही न विचारता कुणी बोटे हलवायला सुरुवात केली, तर तिथून उठून यावे.