निवडायची सोय नव्हती तेव्हा

आवडता म्युझिक व्हिडिओ कुणाला दाखवायचा आणि लगेच ‘तेव्हा मी नुकताच…’ म्हणून सुरू व्हायचं, हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे जाणवतच नाही. गाणं पडद्यावर दाखवणं हा धंदा होता. गाण्यामागची आठवण सांगणं हा रेडिओवरचा खेळ. त्यांची गाठ पडायला बरीच वर्षं गेली.

धंदा जुना. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या एडवर्ड मार्क्स आणि जोसेफ स्टर्न या दोन गीत-प्रकाशकांनी आपल्या गाण्याची छापील प्रत खपावी म्हणून जादूच्या कंदिलातून (काचेवरची चित्रं मोठी करून दाखवणाऱ्या दिव्यातून) पडद्यावर चित्रं पाडली आणि सोबत गायक उभा केला. १९४० मध्ये शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीनं ‘पॅनोरम’ नावाचं कपाटाएवढं यंत्र आणलं. नाणं टाकलं की तीनेक मिनिटांची गाण्याची फिल्म दिसे. गंमत अशी, की एका रिळावर आठ गाणी असत आणि पुढे जे येईल तेच पाहावं लागे. एखादं पुन्हा पाहायचं, तर मधल्या सात गाण्यांची नाणी भरा! निवडीची सोय १९६० च्या सुमारास फ्रान्सच्या ‘स्कोपिटोन’नं दिली, तीही रंगीत चित्रांसह.

१९६६ मध्ये बीटल्सनी ‘पेपरबॅक रायटर’ आणि ‘रेन’ या गाण्यांच्या फिल्म काढल्या, त्या टीव्हीच्या स्टुडिओंत स्वतः जायला नको म्हणून. १ ऑगस्ट १९८१ ला एमटीव्ही सुरू झाली. पहिलं गाणं बगल्सचं ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’ होतं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या केबलवर ही वाहिनी तेव्हा दिसतच नव्हती, त्यामुळे ती सुरू करणाऱ्यांनाच आपला पहिला कार्यक्रम पाहायला नदीपलीकडे न्यू जर्सीत जावं लागलं.

एमटीव्हीवरही निवड प्रेक्षकाच्या हाती नव्हती. आवडता व्हिडिओ कधी लागेल याचा नेम नसे, म्हणून टीव्ही चालू ठेवून बसायचं. माझ्या मते आठवणी खऱ्या तयार झाल्या त्या या ताटकळण्यातून. गाणं लागलं तेव्हा खोलीत कोण होतं, कुणाला हाक मारली, कोण धावत आलं, हे सगळं त्या चार मिनिटांना चिकटून राहिलं.

मग व्हीसीआर आला. रेकॉर्डच्या बटणावर बोट ठेवून बसणाऱ्यांच्या टेपवर गाण्याची पहिली काही सेकंदं हमखास नसत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १७ जानेवारी १९८४ ला, ५ विरुद्ध ४ मतांनी, घरी रेकॉर्ड करून नंतर पाहणं कायद्यात बसतं असा निकाल दिला. टेपांचा साठा करण्याला त्यात उघड मुभा नव्हती. लोकांनी साठे केलेच, आणि मैत्रीत फिरवलेही.

दुसरा धागा रेडिओचा. २९ जानेवारी १९४२ ला बीबीसीवर रॉय प्लॉमली यांचा ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. पाहुण्याला विचारायचं: निर्जन बेटावर अडकलात तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका जवळ ठेवाल, आणि त्याच का? सगळी मजा त्या ‘का’मध्ये. पाहुणा गाण्याबद्दल बोलता बोलता आईबद्दल, युद्धाबद्दल, मोडलेल्या लग्नाबद्दल बोलू लागतो. आज आवडत्या व्हिडिओखाली चार ओळी लिहिणारा नकळत याच कार्यक्रमाचा पाहुणा झालेला असतो.

विज्ञानानंही इथे थोडं डोकावून पाहिलंय. माणसाला आयुष्यातल्या साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी जास्त दाट आठवतात; आलेखावर तिथे उंचवटा दिसतो. २०१३ मध्ये कॅरोल क्रमहान्सल आणि जस्टिन झुपनिक या संशोधकांना तरुणांमध्ये आणखी एक उंचवटा दिसला: आईवडिलांच्या तरुणपणीची गाणी. म्हणजे ‘हे ऐक’ म्हणण्याची परंपरा घरातच सुरू होते.

दोन्ही धागे एकत्र आले ते २००५ मध्ये, यूट्यूबवर. कपाटातल्या टेपा तिथे चढल्या. खरखर, तिरप्या रेघा, कापलेली सुरुवात, सगळ्यासकट. २००९ मध्ये व्हेव्हो ही संगीत कंपन्यांची व्हिडिओ-सेवा आली आणि कंपन्यांच्या स्वच्छ, अधिकृत प्रती मिळू लागल्या. पण स्वच्छ प्रत पाहून ‘हे ते नव्हे’ म्हणणारे बरेच असतात, आणि मला ते पटतं. त्यांच्या आठवणीतलं गाणं पहिल्या ओळीच्या मध्यावरच सुरू होतं.

या वाटून घेण्याचा कच्चा दुवा म्हणजे खुद्द दुवाच, म्हणजे लिंक. जर्मनीत हक्कांच्या मानधनावरून गेमा ही संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था आणि यूट्यूब यांचं बिनसलं, आणि २००९ ते २०१६ या काळात तिथे असंख्य म्युझिक व्हिडिओंच्या जागी नुसती सूचना दिसायची. पाठवणाऱ्यानं लिहिलेली आठवण मात्र तिच्याखाली तशीच असायची.