रिंक रुंद झाली म्हणजे गोल वाढतात का?

नागपूरकरांना मैदानाच्या आकाराचं महत्त्व वेगळं सांगायला नको. जामठ्याच्या लांब सीमारेषेवर कित्येक ‘षटकार’ झेल होऊन परत येतात. आइस हॉकीत रिंकचा, म्हणजे बर्फाच्या मैदानाचा, आकार सगळ्या खेळाचा नूर बदलतो, आणि तोही आपल्याला वाटतो तसा नाही.

उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगची रिंक सुमारे 61 मीटर लांब आणि 26 मीटर रुंद. युरोपात वर्षानुवर्षं चालत आलेली रिंक 60 बाय 30. गोलकीपर सोडून दोन्हीकडचे मिळून दहा खेळाडू. त्यांच्या वाट्याला अरुंद रिंकवर माणशी 158 चौरस मीटर बर्फ येतो, रुंद रिंकवर 180.

मधोमध उभा बचावपटू कडेच्या खेळाडूवर धावून जातो, तेव्हा रुंद रिंकवर त्याला दोन मीटर जास्त कापावे लागतात. सेकंदाला 9 मीटर वेग धरला तरी जवळपास पाव सेकंद जातो. तेवढ्यात समोरचा मान वर करून पाहतो आणि पास देऊन मोकळा होतो. म्हणून अरुंद रिंकवर धडका जास्त, रुंद रिंकवर पासिंग आणि स्केटिंगचं कसब जास्त.

मग गोलही जास्त व्हायला हवेत! पण वाढलेली जागा सगळी कडेला आहे, गोलसमोर नाही. गोल 1.83 मीटर रुंद असतो. गोलरेषेच्या 10 मीटर पुढे, कडेच्या फळीला लागून उभं राहिलं, तर अरुंद रिंकवरून तो सुमारे 3.9 अंशात दिसतो, रुंद रिंकवरून 3.2 अंशात. अंतरही वाढतं, गोलकीपरला सावरायला वेळ मिळतो. शहाणा बचाव मग कडा सोडून देतो आणि मधली जागा दाबून धरतो. 2014 च्या सोची ऑलिम्पिकमध्ये, रुंद रिंकवर, कॅनडाने 6 सामन्यांत फक्त 3 गोल खाल्ले. मला तो बचावाचा आदर्श धडा वाटतो.

अर्थात रिंक एकटी निकाल ठरवत नाही. 1972 च्या कॅनडा-सोव्हिएत मालिकेत सोव्हिएत संघाने कॅनडात, अरुंद रिंकवर, चारपैकी दोन सामने जिंकले, एक बरोबरीत सोडवला. कॅनडाने मात्र मॉस्कोच्या रुंद बर्फावर चारपैकी तीन जिंकून मालिका खेचून आणली. 34 सेकंद उरले असताना पॉल हेंडरसनने मारलेला निर्णायक गोल आला तो थेट गोलच्या तोंडाशीच.