धारण तलाव म्हणजे तळं नव्हे

जुलैत जोराचा पाऊस झाला की नवी मुंबईतल्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काठोकाठ भरलेल्या होल्डिंग पाँडचे, म्हणजे धारण तलावांचे, फोटो येतात. खाली लोक आनंदाने लिहितात, 'तलाव भरला!' हा आनंद चुकीच्या जागी आहे, हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकतो.

तळं तुम्हाला ठाऊक आहे. ठाण्याचा मासुंदा घ्या, गावोगावची विसर्जनाची तळी घ्या, नाहीतर 1860 साली मुंबईला नळाचं पाणी देणारं विहार घ्या. पाणी साठवायचं आणि टिकवायचं, हेच त्याचं काम. ते ओसंडून वाहिलं की बातमी गोड.

धारण तलावात मोलाची असते ती रिकामी जागा. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि पुढे खाडीकाठच्या खाजणांवर वसाहती उभ्या राहिल्या. वाशी, नेरूळ, बेलापूरचे बरेच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. सगळी जमीन भराव टाकून उंच करण्याऐवजी हॉलंडच्या धर्तीवर काठाला बांध घातले, आत हे तलाव ठेवले आणि खाडीच्या तोंडाशी झडपा बसवल्या. भरती आली की खाडीच्या दाबाने झडप मिटते. त्या काही तासांत पावसाळी गटारांचं पाणी खाडीत जाऊ शकत नाही, ते तलावात थांबतं. ओहोटी लागली की आतलं पाणी बाहेरच्यापेक्षा उंच होतं, झडप आपोआप उघडते, तलाव रिता होतो आणि पुढच्या भरतीसाठी तयार राहतो. दिवसातून साधारण दोनदा हे चक्र फिरतं. पंप लागत नाही, वीज लागत नाही. मला ही रचना फार आवडते, म्हणूनच तिची हेळसांड बघवत नाही.

हिशोब करून बघा. 100 हेक्टरच्या वस्तीवर भरतीच्या वेळेत 50 मिलिमीटर पाऊस पडला आणि काँक्रीट-डांबरावरून जवळपास सगळा वाहून आला, तर 50 हजार घनमीटर पाणी जमतं. 10 हेक्टरच्या तलावात ते अर्धा मीटर चढतं. आता त्याच तलावात अर्धा मीटर गाळ साचला असेल, किंवा 'छान दिसावं' म्हणून कुणी अर्धा मीटर पाणी कायम धरून ठेवलं असेल, तर तेवढी जागा गेली. मग ते पाणी गटारातून उलटं चढून तळमजल्यावर येतं. पाऊस तितकाच पडतो, तरी पूर येतो.

गाळ येतो कुठून? बराचसा खाडीतून. झडपेत प्लास्टिक अडकलं की ती पूर्ण मिटत नाही, भरती आत घुसते आणि जाताना चिखल ठेवून जाते. चिखलात कांदळवन रुजतं, त्याच्या मुळांत आणखी चिखल अडकतो. कांदळवनाला कायद्याचं कडक संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. म्हणून तर झडप वेळच्या वेळी दुरुस्त करायची असते. एकदा झाडं वाढली की गाळ काढायला न्यायालयापर्यंत परवानग्या मागत फिरावं लागतं, आणि तोवर दोन-चार पावसाळे निघून जातात.

काठावरच्या जॉगिंग ट्रॅकला माझा विरोध नाही. नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हाही मुळात धारण तलावच, आणि संध्याकाळी मीही तिथे चालतो. पण निधीतला पहिला रुपया झडपेवर खर्च व्हावा. कारंजं शेवटी आलं तरी चालेल, नाही आलं तरी चालेल. (फ्लेमिंगो उतरतात त्या पाणथळ जागा हा तिसराच प्रकार. तिथे भरतीचं पाणी आत यायलाच हवं. तिन्हींना 'लेक' म्हणून मोकळं होऊ नका.)

गल्लीतला रस्ता नव्याने करताना धारण तलावाला नुसतं तळं समजण्याचा हा घोळ सर्वांत महागात पडतो. रस्त्याचा ठेकेदार वरून खाली बघतो: जुन्या डांबरावर नवा थर, त्यावर पुन्हा एक, आणि सोसायटीचं फाटक खड्ड्यात. आखणी खालून वर व्हायला हवी. आधी झडपेची आणि तलावाच्या तळाची पातळी, मग त्यात उतरणाऱ्या गटाराच्या तळाची, मग चेंबरची, आणि सगळ्यात शेवटी रस्त्याची. गटाराला तलावाकडे उतार नसेल, तर गुळगुळीत काँक्रीट पाणी घराकडेच लवकर आणतं. म्हणून जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू देऊ नये, या मतावर मी ठाम आहे.

वॉर्डात पुढचं काम निघेल तेव्हा रंग आणि पेव्हर ब्लॉक यांच्यावर वाद घालण्याआधी एवढं मागा: तलावात मीटरच्या खुणा केलेली एक उभी पट्टी, आणि तिच्यावर ओहोटीनंतर पाणी कुठपर्यंत उतरायला हवं ती लाल रेघ. मग जुलैत फोटो टाका, पण ओहोटीनंतरचा, ती रेघ दिसेल असा.