पिस्तूल चाचणीतल्या दहा जादा गोळ्या

अमेरिकी लष्कराने १९११ साली .४५ इंच व्यासाच्या गोळीचे पिस्तूल स्वीकारले ते घोडदळाला नजरेसमोर ठेवून. एक हात लगामाला, म्हणून नेमबाजीही एकहाती. घोडे गेले तरी एका हाताने वर्तुळांच्या कागदावर गोळ्या मारायची सवय पुढे बराच काळ टिकली. १९५० च्या दशकात रायफलीसाठी अचानक उभी राहून पडणारी मानवाकृती लक्ष्ये आली. पिस्तुलाची चाचणी नंतर त्याच वाटेने गेली.

१९८५ मध्ये ९ मिलिमीटरचे इटालियन बनावटीचे पिस्तूल आले. त्या काळात रुळलेल्या चाचणीवरच खरा वाद आहे. लक्ष्ये ३०, गोळ्या ४०. अंतर साधारण १० ते ३१ मीटर. पास व्हायला १६ लक्ष्ये पुरेशी, सर्वोच्च श्रेणीला २६. म्हणजे निम्म्याहून जेमतेम जास्त लक्ष्ये पाडली की सैनिक पात्र. लक्ष्य सुमारे एक मीटर उंचीचे, आणि गोळी खांद्याला लागो की छातीच्या मधोमध, गुण तेवढाच.

जादा दहा गोळ्यांमागे विचार होता. प्रत्यक्ष झटापटीत पहिली गोळी चुकली म्हणून माणूस थांबत नाही. चूक ओळखून लगेच दुसरी नेमकी मारणे हेही कौशल्यच, आणि लक्ष्य काही सेकंदच उभे असताना ते सोपे नसते. हा मुद्दा मला पटतो. पण चुकलेल्या गोळीला दंडच नसणे पटत नाही. पिस्तूल जवळून, अनेकदा गर्दीत वापरायचे हत्यार आहे. चुकलेली गोळी कुठेतरी जातेच. शिवाय त्या चाचणीत पिस्तूल होल्स्टरमधून (कमरेच्या म्यानातून) काढायचे नसे, ते आधीच हातात तयार असे. ही उणीव मला सर्वांत मोठी वाटते, कारण जवळच्या हल्ल्यात पहिले दोन सेकंद पिस्तूल काढण्यातच जातात.

त्याच देशाच्या मरीन दलाने २०१३ च्या सुमारास चाचणी बदलली. गोळ्या ४०, अंतर ७, १५ आणि २५ यार्ड, एकूण गुण ४०० आणि पास व्हायला २६४. तिथे होल्स्टरमधून काढणे आले, आणि गोळी कुठे लागली यावर गुण ठरू लागले. संघीय तपास यंत्रणेच्या (एफबीआय) एजंटांना तर त्याच वर्षी ६० पैकी ४८ गोळ्या लागाव्या लागत.

लष्कराची अडचण सरावाची आहे. पिस्तूल असते अधिकारी, लष्करी पोलीस, वैद्यकीय जवान, रणगाड्यातले कर्मचारी यांच्याकडे. रायफलीच्या मानाने काडतुसे आणि रेंजचा वेळ त्यांच्या वाट्याला कमी येतो. उभ्या राहणाऱ्या लक्ष्यांची रेंज नसेल तिथे २५ मीटरवरच्या कागदावर पर्यायी चाचणी चालते. २०१७ मध्ये नवे पिस्तूल आले, आणि २०१९ च्या नियमपुस्तिकेने वर्गातल्या धड्यापासून अंतिम चाचणीपर्यंत सहा टप्पे घालून दिले. त्यामुळे गोळी झाडण्याआधीचा सराव आता ऐच्छिक राहिलेला नाही.