वरिष्ठांना रात्री केव्हा कळवावे : एका नियमाची पार्श्वभूमी

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने घरी गेलेल्या वरिष्ठांना कोणत्या प्रसंगी कळवलेच पाहिजे, हे आज अमेरिकेत प्रत्येक प्रशिक्षणक्रमाला ठरवून द्यावे लागते. पूर्वी हा निर्णय बहुतांशी शिकाऊ डॉक्टरच्या अंदाजावर सोडलेला असे, आणि सरांची झोप न मोडता रात्र निभावून नेणे हे कर्तबगारीचे लक्षण समजले जाई.

या बदलाच्या मुळाशी लिबी झायन या 18 वर्षांच्या मुलीचा मृत्यू आहे. ताप आणि अंगाला येणारे झटके यांमुळे 4 मार्च 1984 च्या रात्री तिला न्यूयॉर्क हॉस्पिटलमध्ये आणण्यात आले. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरांनी तिला तपासले. वरिष्ठांशी बोलणे झाले ते फोनवर, त्यांनी तिला येऊन पाहिले नाही. ती नैराश्यावरचे फेनेल्झिन घेत होती आणि तिला पेथिडिन हे वेदनाशामक टोचण्यात आले. ही दोन औषधे एकत्र आली तर जिवावर बेतू शकते. पुढे ती फार अस्वस्थ झाली, तेव्हा चाळीसेक रुग्ण सांभाळणाऱ्या इंटर्नने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरने, तिला बांधून ठेवण्याची आणि शांत करणारे इंजेक्शन देण्याची सूचना फोनवरूनच दिली. सकाळी ताप 107 अंश फॅरेनहाइटवर गेला आणि तिचे हृदय बंद पडले.

तिचे वडील, पत्रकार सिडनी झायन, यांनी हे प्रकरण लावून धरले. 1986 मध्ये ग्रँड ज्युरीने (खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) कोणावरही फौजदारी आरोप ठेवला नाही, मात्र प्रशिक्षणाच्या व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले. या प्रकरणानंतर राज्याने नेमलेल्या डॉ. बर्ट्रंड बेल यांच्या समितीच्या शिफारशींवरून 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात निवासी डॉक्टरांच्या कामाला आठवड्याला 80 तासांची मर्यादा आणि वरिष्ठांच्या देखरेखीची सक्ती आली; 2003 मध्ये तासांची मर्यादा देशभर लागू झाली. चर्चा मात्र तासांभोवतीच फिरत राहिली, हे खेदाचे आहे, कारण तासांपेक्षा देखरेख महत्त्वाची, असे खुद्द बेल बजावत होते.

निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणक्रमांना मान्यता देणाऱ्या अमेरिकी परिषदेच्या 2011 च्या नियमांनी देखरेखीचे स्तर ठरवले आणि वरिष्ठांना कळवण्याचे प्रसंग निश्चित करणे बंधनकारक केले. उदाहरणादाखल त्यांत अतिदक्षता विभागात हलवणे आणि आयुष्याच्या अखेरीचे निर्णय यांचा उल्लेख आहे. लिबीची ती रात्र या दोन्हींत बसत नाही. म्हणूनच रुग्णालयांनी आपापल्या यादीत प्रकृतीतला अनपेक्षित बिघाड आणि उपचारांबद्दलची निवासी डॉक्टरची स्वतःची शंका यांनाही स्थान देणे अत्यावश्यक ठरते.